‘पिंग’ म्हणजे नेमके काय : एक आवाज, एक हाक आणि मधला वेळ

एकाच दिवसात ‘पिंग’ हा शब्द तीन माणसांच्या तोंडून तीन निरनिराळ्या अर्थांनी कानावर पडू शकतो. सहकारी म्हणतो, ‘‘फाइल तपासून झाली की मला पिंग करा.’’ संगणकांचे जाळे सांभाळणारा तंत्रज्ञ फोनवर सांगतो, ‘‘सर्व्हर पिंग होतोय, म्हणजे यंत्र चालू आहे, अडचण दुसरीकडे आहे.’’ आणि ऑनलाइन खेळात रंगलेला मुलगा वैतागून ओरडतो, ‘‘पिंग तीनशेवर गेला, आता कसला जिंकतोय!’’ पहिल्याच्या बोलण्यात पिंग म्हणजे निरोप, दुसऱ्याच्या बोलण्यात तपासणी आणि तिसऱ्याच्या बोलण्यात चक्क एक आकडा. त्यात भर म्हणून समुद्रात विमान हरवल्याच्या बातम्यांत ‘पिंग ऐकू आला’ असे वाक्य येते आणि तिथे तो कोणता पिंग, याचा खुलासा बातमी देणाऱ्यालाही बहुधा करता येत नाही.

शब्दकोश पाहिला तर गोंधळ वाढतो, कारण तिथे हे सगळे अर्थ एकाखाली एक मांडलेले असतात आणि त्यांचा परस्परांशी संबंध काय, हे सांगितलेले नसते. संबंध मात्र आहे. एका आवाजाच्या नकलेपासून निघालेला हा शब्द आधी हाकेपर्यंत पोचला, मग हाकेला मिळणाऱ्या ‘ओ’पर्यंत आणि शेवटी त्या दोहोंमधल्या वेळेपर्यंत. तो प्रवास क्रमाने पाहिला की वरची तिन्ही वाक्ये एकाच कुळातली वाटू लागतात.

## मुळात हा एक आवाज आहे

‘पिंग’ हा अनुकरणवाचक शब्द आहे. वस्तूंच्या किंवा प्राण्यांच्या आवाजाची नक्कल करून बनलेल्या शब्दांना मराठी व्याकरणात हे नाव आहे. खळखळ, कडकड, फडफड, किणकिण ही सगळी त्यांचीच भावंडे. इंग्रजीत ‘पिंग’च्या लेखी नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सापडतात आणि सुरुवातीला तो शब्द बंदुकीची गोळी एखाद्या कठीण वस्तूवर आदळते तेव्हाच्या आवाजासाठी वापरला जाई. मराठीतल्या पिंगट किंवा पिंगळा या शब्दांशी त्याचे काहीही नाते नाही. ते संस्कृतातल्या तांबूस-पिवळ्या रंगाच्या ‘पिंग’वरून आलेले आहेत.

हा शब्द सावकाश उच्चारून पाहिला तर त्यात आवाजाचे चित्रच दिसते. ‘प’ उच्चारताना ओठ मिटतात आणि एकदम उघडतात, म्हणजे आवाजाला अचानक, धारदार सुरुवात मिळते. त्यामागून येणारा ऱ्हस्व ‘इ’ हा स्वर कानाला उंच पट्टीतला वाटतो. शेवटचा अनुनासिक ध्वनी नाकातून घुमत विरतो. आघात, उंच सूर आणि विरत जाणारा निनाद, अशा तीन गोष्टी एका अक्षरात बसल्या आहेत. इंग्रजी उच्चारात शेवटी स्पष्ट ‘ग’ नसतो, फक्त ‘गंगा’ या शब्दातल्या अनुस्वारासारखा नाकातला ध्वनी असतो. आपण मराठीत ‘पिंग’ म्हणताना शेवटी ‘ग’चा ठोका देतो आणि तो निनाद थोडा लवकर दाबून टाकतो.

स्वर बदलला की वस्तूचा आकारही बदलतो, हे मराठी कानाला वेगळे शिकवावे लागत नाही. लहान घंटी किणकिणते, मोठी घंटा घणघणते. उलट सांगितले तर ऐकणाऱ्याला हसू येईल. इंग्रजीतही बारीक, कडक आघाताला ‘पिंग’ आणि त्याहून भरदार, खालच्या सुरातल्या आघाताला ‘पाँग’ म्हणतात. टेबल टेनिसचे जुने नाव याच जोडीवरून आले. १९००च्या सुमारास इंग्लंडमध्ये हा खेळ दिवाणखान्यात खेळला जाई, तेव्हाच्या काही बॅटांवर ढोलकीसारखा पातळ चामड्याचा पडदा ताणलेला असे आणि सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू त्यावर नि टेबलावर आपटताना जे दोन आवाज होत, तेच खेळाचे नाव झाले. पुढे ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेल्यामुळे संघटनांनी ‘टेबल टेनिस’ हे नाव स्वीकारले. चिनी भाषेने मात्र ‘पिंगपाँग’ ठेवले आणि ते लिहिताना गंमत केली : ‘सैनिक’ या अर्थाच्या चिन्हाच्या तळाशी पायांसारखे दोन फराटे असतात, त्यातला एका बाजूचा फराटा काढला की ‘पिंग’ आणि दुसऱ्या बाजूचा काढला की ‘पाँग’. टेबलाच्या दोन टोकांना एकेका पायावर उभे असलेले दोन खेळाडूच जणू.

## आवाजावरून गुण कळतो

अनुकरणवाचक शब्द आवाजापुरते थांबत नाहीत, ही गोष्ट या लेखात सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिचे उत्तम दाखले मराठीतच आहेत. ‘ठणठण’ हा आवाज. पण ‘ठणठणीत’ म्हणजे निरोगी. मातीच्या किंवा धातूच्या भांड्यावर टिचकी मारली आणि ते ठणठण वाजले तर त्याला चीर गेलेली नाही, हे कळते. चिरलेले भांडे बद्द वाजते. ‘खणखण’ हा आवाज; पण नाणे खणखणीत, उत्तर खणखणीत आणि गवयाचा गळाही खणखणीत. ‘खडखडाट’ हा आवाज. पण खिशात खडखडाट म्हणजे पैसा नाही.

टिचकीचा हा प्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. आपण भांड्याला बाहेरून एक छोटासा आघात देतो, परत येणारा आवाज ऐकतो आणि त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल अनुमान काढतो. टिचकीत स्वतःचा असा काही मजकूर नसतो. ती भांड्याला काही सांगत नाही, फक्त विचारते. पिंगचे पुढचे जवळजवळ सगळे अर्थ या टिचकीतच दडलेले आहेत.

## इंजिनातला पिंग

इंग्रजी बोलणारे वाहनचालक ‘इंजिन पिंग करते आहे’ असे म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक त्यालाच नॉकिंग म्हणतात. चढावर, जड ओझे असताना आणि वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक धातूचा आवाज येतो, तो हा. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते आणि ज्योत एका बाजूने दुसरीकडे पसरत जाते. तिच्या पुढे उरलेले मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेमुळे इतके तापते की कधीकधी ज्योत पोचण्याआधीच ते एकदम आपोआप पेट घेते. त्या झटक्याने दाबाची लाट उठते, सिलिंडरच्या भिंती घंटेसारख्या थरथरतात आणि बाहेर ‘पिंग’ ऐकू येतो. इंधन असे अवेळी पेटण्याला किती विरोध करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन क्रमांक.

हा आवाज बंद करण्यासाठी १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळण्याची युक्ती शोधली. आवाज थांबला, पण धुराबरोबर शिसे जगभरच्या हवेत आणि मुलांच्या रक्तात गेले; वाहनांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून पूर्णपणे जायला २०२१ साल उजाडले, तेव्हा शेवटी उरलेल्या अल्जीरियाने त्याची विक्री थांबवली. एका बारीकशा आवाजापायी जगाने शंभर वर्षे मोजलेली ही किंमत आहे. आजच्या गाड्यांत इंजिनाला एक छोटा संवेदक बसवलेला असतो. तो ही विशिष्ट थरथर ओळखतो आणि संगणक लगेच ठिणगीची वेळ किंचित मागे सरकवतो. त्या संवेदकात एक स्फटिकासारखा पदार्थ असतो, जो दाबला की वीज निर्माण करतो. असा पदार्थ पुढच्या भागात पुन्हा भेटणार आहे.

## पाण्याखालची हाक

शब्दाला खरे वळण मिळाले ते समुद्रात. पाण्याखाली प्रकाश फार लांब जात नाही आणि रेडिओलहरीही लवकर शोषल्या जातात. आवाज मात्र दूरवर जातो, तोही सेकंदाला सुमारे १,५०० मीटर या वेगाने, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर पाण्यातले अडथळे आवाजाने शोधण्याच्या प्रयत्नांना जोर आला आणि १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी आपल्या यंत्राने हिमनगावरून परतलेला प्रतिध्वनी टिपून दाखवला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा धोका उभा राहिल्यावर फ्रान्समध्ये पॉल लांजवँ यांनी क्वार्ट्झ स्फटिक वापरला. क्वार्ट्झ दाबला की वीज देतो आणि वीज दिली की थरथरतो, हा गुण १८८०-८१ मध्ये क्युरी बंधूंनी दाखवून दिला होता आणि त्यांपैकी पिएर क्युरी हे लांजवँ यांचे शिक्षक. एकच तुकडा तोंड म्हणूनही वापरता येतो आणि कान म्हणूनही. पुढे दुसऱ्या महायुद्धात या साऱ्या तंत्राला अमेरिकेत ‘सोनार’ हे नाव पडले.

सोनारचे गणित हाकेचे आहे. यंत्र आवाजाचा एक आखूड ठोका पाण्यात सोडते आणि गप्प बसून ऐकते. ठोका पाणबुडीवर आदळून चार सेकंदांनी परतला, तर त्या चार सेकंदांत आवाजाने सहा किलोमीटर अंतर कापले. त्यात जाणे आणि येणे दोन्ही आले, म्हणून पाणबुडी तीन किलोमीटरवर आहे. सोनारवर कान लावून बसलेल्या माणसाला हा ठोका उंच सुराचा आणि मग घुमत विरणारा असा ऐकू येई आणि त्याला खलाशांनी तयार शब्द लावला : पिंग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा अर्थ रूढ झाला.

ठोका आखूड आणि धारदारच का हवा? कारण हाक लांबलचक असेल तर तिचे शेपूट संपण्याआधीच प्रतिध्वनी येऊन मिसळतो आणि वेळ कुठून मोजायची, ते कळत नाही. ‘प’च्या उच्चारातली ती अचानक सुरुवात म्हणजे घड्याळ सुरू करण्याची खूण आहे. इथून पुढे ‘पिंग’ म्हणजे परतण्यासाठीच सोडलेला आवाज.

एक गोष्ट मात्र युद्धपटांमुळे उलटी समजली जाते. पाणबुडी सतत पिंग करत फिरत नाही, उलट ती शक्यतो पिंग करतच नाही. अंधारात ‘‘कोण आहे?’’ असे ओरडणाऱ्याला उत्तर मिळो न मिळो, तो स्वतः कुठे उभा आहे, हे सगळ्यांना कळते. म्हणून पाणबुड्या बहुतेक वेळ नुसत्या ऐकत राहतात.

## संगणकाने हा शब्द का उचलला?

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस हा संगणकतज्ज्ञ जाळ्यातल्या एका विचित्र बिघाडाने हैराण झाला होता. दूरचा संगणक जिवंत आहे की नाही आणि असल्यास त्याच्यापर्यंतचा रस्ता किती वेळेचा आहे, हे कळण्याचा सोपा मार्ग त्याला हवा होता. त्यासाठी लागणारी सोय इंटरनेटच्या नियमांत १९८१ पासूनच होती : ‘मी पाठवतो ते जसेच्या तसे परत कर’ असे सांगणारा एक छोटा संदेश, ज्याचे अधिकृत नावच ‘प्रतिध्वनीची विनंती’ असे आहे. म्यूसने कॉलेजात सोनार आणि रडार यांचा अभ्यास केला होता, त्यामुळे हा प्रतिध्वनी पाहून त्याला पाणबुडीच आठवली. त्याने रात्र जागून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिले पिंग. गंमत अशी की त्याचा पहिला पिंग सुटण्याआधीच एका सहकाऱ्याने मूळ बिघाड शोधून दुरुस्तही केला होता. म्यूसचे २००० साली मोटार अपघातात निधन झाले. त्याचा हा प्रोग्रॅम आज जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो.

‘पिंग’ ही आद्याक्षरे आहेत, असे अनेक ठिकाणी ठासून सांगितले जाते आणि ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ असा विस्तारही दिला जातो. तो विस्तार नंतर जुळवलेला आहे. आपण हे नाव सोनारच्या आवाजावरून ठेवले, असे म्यूसने स्वतःच लिहून ठेवले होते.

पिंग करताना आत काय घडते, ते एकदा जवळून पाहावे. विंडोज असलेल्या संगणकावर आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ‘पिंग’ आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहिले की एकामागून एक चार ओळी उमटतात. प्रत्येक ओळीत उत्तर कुठून आले, किती बाइटचे होते आणि किती मिलिसेकंदांत आले, हे असते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपल्या संगणकाने चार वेळा पाठवलेला मजकूर काय होता, तर ३२ इंग्रजी अक्षरे : ‘ए’पासून ‘डब्ल्यू’पर्यंत २३ आणि पुन्हा ‘ए’पासून ‘आय’पर्यंत ९. बालवर्गातल्या मुलाने पाटी भरेपर्यंत बाराखडी गिरवावी, तसा हा मजकूर आहे, कारण मजकुराला काही अर्थच नाही. टिचकीला अर्थ नसतो, तसाच.

त्याच ओळीत आणखी एक आकडा असतो, तो संदेशाच्या आयुष्याचा. संदेश निघताना त्याच्या कपाळी ६४ किंवा १२८ असा आकडा लिहिलेला असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर, म्हणजे संदेशाला पुढची वाट दाखवणारे यंत्र, त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की संदेश टाकून दिला जातो. ही सोय नसती तर रस्ता चुकलेले संदेश जाळ्यात कायमचे गोल गोल फिरत राहिले असते.

या प्रोग्रॅमबद्दलची एक हकिगत म्यूसला खूप आवडत असे. एका तंत्रज्ञाच्या इमारतीत जाळ्याची जोडणी अधूनमधून तुटत होती आणि बिघाड कोणत्या खोलीत आहे, ते सापडत नव्हते. त्याने पिंग प्रोग्रॅमला बोलणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडले, तो आवाज आपल्या स्टीरिओवर मोठ्ठा केला आणि इमारतभर फिरत एकेक केबलची पिन हलवून पाहू लागला. संगणक दर सेकंदाला ‘पिंग, पिंग, पिंग’ ओरडत होता. ज्या पिनपाशी ओरडणे थांबले, तिथे बिघाड होता.

## इंटरनेट वेगवान असूनही पिंग जास्त का येतो?

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी या शब्दाला आणखी पुढे नेले. त्यांच्या भाषेत पिंग म्हणजे हाकेपासून ‘ओ’पर्यंतचा वेळ. पिंग २० म्हणजे फेरी पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद लागतात, म्हणून तो जितका कमी तितका चांगला. पिंग ३०० असेल तर प्रतिस्पर्धी जिथे दिसतो, तिथून तो केव्हाच हललेला असतो.

इथे नेहमीची तक्रार येते : ‘‘आम्ही अधिक वेगाचे कनेक्शन घेतले, तरी पिंग तेवढाच का?’’ कारण कनेक्शनचा जो वेग आपण विकत घेतो, तो रस्त्याच्या रुंदीसारखा असतो आणि पिंग हा रस्त्याच्या लांबीवर व त्यातल्या नाक्यांवर ठरतो. रस्ता चौपदरीचा आठपदरी केला तर एका वेळी अधिक गाड्या जातील, पण गाव जवळ येणार नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर जायला ५० आणि यायला ५०, असे १०० मिलिसेकंद लागणारच; त्याखाली उतरणे कोणत्याही कंपनीच्या हातात नाही. पृथ्वीवरून स्थिर दिसणारे उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्यामार्फत हाक वर जाते, खाली येते आणि उत्तरही तसेच वर जाऊन खाली येते, त्यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. नवे उपग्रह काही शे किलोमीटरवर फिरवण्यामागचे एक मोठे कारण हेच.

रुंदीचा परिणाम अजिबातच नसतो, असेही नाही. घरात कोणी मोठी फाइल पाठवत असेल तर खेळाचे छोटे संदेश त्यामागे रांगेत उभे राहतात आणि पिंग चढतो. म्हणूनच कधीकधी नवे कनेक्शन घेण्यापेक्षा ती फाइल पोचेपर्यंत थांबणे स्वस्त पडते.

## उत्तर आले नाही म्हणजे यंत्र बंद आहे का?

नाही. हाकेला ओ आली नाही, तर माणूस घरात नसेल, झोपला असेल किंवा ऐकूनही मुद्दाम गप्प असेल. अनेक संगणक असेच मुद्दाम गप्प बसतात, कारण पिंगचा वापर टेहळणीसाठीही होतो : एकापाठोपाठ हजारो पत्त्यांना हाका मारायच्या आणि कोण ओ देतो, याची यादी करायची. १९९६-९७च्या सुमारास तर नियमात बसणार नाही इतक्या मोठ्या आकाराचा पिंग तुकड्यातुकड्यांनी पाठवला की तो जोडताना समोरचे यंत्रच कोलमडत असे; त्या हल्ल्याला ‘मृत्यूचा पिंग’ म्हणत. ती चूक नंतर दुरुस्त झाली, पण व्यवस्थापकांचा संशय कायम राहिला. उलट बाजूनेही सावध असावे. पिंगला उत्तर आले म्हणजे यंत्र जागे आहे, एवढेच सिद्ध होते. त्यावरचे संकेतस्थळ चालू असेलच, असे नाही. सुरुवातीच्या तंत्रज्ञाचे ‘‘अडचण दुसरीकडे आहे’’ हे वाक्य त्यामुळेच बरोबर होते.

## एकाच बातमीतले दोन पिंग

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. पुढचे कित्येक आठवडे बातम्यांत ‘पिंग’ हा शब्द येत राहिला आणि तो दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टींसाठी येत होता.

पहिला पिंग उपग्रहाचा. विमानाचा नेहमीचा संपर्क तुटल्यानंतरही त्यातले उपग्रह-यंत्र चालू होते. बराच वेळ काही बोलणे झाले नाही की जमिनीवरचे केंद्र उपग्रहामार्फत ‘आहेस का?’ असे विचारते आणि विमानातले यंत्र ‘आहे’ एवढेच उत्तर देते. त्या उत्तराला लागलेल्या वेळेवरून उपग्रहापासूनचे अंतर कळले, पण दिशा कळली नाही. खुंट्याला दोरीने बांधलेले जनावर दोरी ताणून उभे आहे, एवढेच ठाऊक असले तर ते एका वर्तुळावर कुठेही असू शकते. तशी नकाशावर एकामागून एक वर्तुळे मिळाली. लहरींच्या कंपनसंख्येतल्या बारीक फरकावरून विमान दक्षिणेकडे गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. मलेशियातल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची शेवटची नोंद विमानातल्या यंत्राने स्वतःहून केलेली होती.

दुसरा पिंग पाण्याखालचा. विमानाच्या नोंदपेटीला, म्हणजे ब्लॅक बॉक्सला, एक यंत्र जोडलेले असते, जे पाण्यात पडल्यावर साधारण दर सेकंदाला एक ठोका देते. तो ३७.५ किलोहर्ट्झचा असतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणजे हा पिंग प्रत्यक्षात कुणालाच ऐकू येणार नाही असा आहे. त्याची बॅटरी किमान ३० दिवस टिकेल, अशी तेव्हाची अट होती. पुढे ती ९० दिवसांवर नेण्यात आली. एप्रिल २०१४ मध्ये एका शोधनौकेने असे ठोके टिपल्याचे जाहीर झाले, आशा वाढल्या, पण त्या भागातला समुद्रतळ तपासल्यावर काहीही मिळाले नाही आणि मे अखेरीस तो भाग शोधातून वगळण्यात आला.

‘पिंग मिळाला’ हे वाक्य पहिल्या अर्थाने खरे होते आणि दुसऱ्या अर्थाने फोल ठरले. शिवाय या दुसऱ्या यंत्राचा पिंग सोनारच्या पिंगसारखा परतण्यासाठी सोडलेला नव्हताच. सोनारसमोरची पाणबुडी नकळत प्रतिध्वनी देते, संगणक समजून-उमजून उत्तर देतो. नोंदपेटी मात्र कुणी ऐकत आहे की नाही, हे ठाऊक नसताना एकतर्फी हाका मारत राहते. नातेवाईक बातम्या पाहत असताना हा फरक कुणीतरी साध्या शब्दांत सांगायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटले होते.

## ‘मला पिंग करा’ हे चूक आहे का?

कार्यालयीन इंग्रजीत पिंग म्हणजे छोटा निरोप पाठवणे, हा अर्थ आता शब्दकोशांतही आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणता येणार नाही. त्यात हाक उरली आहे, ओ मात्र ऐच्छिक झाली आहे. जुलै २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये तर शब्दाची दिशाच उलटली. करोनाबाधित व्यक्तीच्या जवळ आलेल्यांना सरकारी अॅप विलगीकरणाची सूचना फोनवर पाठवत असे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एका आठवड्यात अशा सहा लाखांहून अधिक सूचना गेल्या, दुकानांपासून कारखान्यांपर्यंत माणसे अपुरी पडली आणि वृत्तपत्रांनी या प्रकाराला ‘पिंगडेमिक’ असे नाव दिले. तिथे पिंग ही करण्याची नव्हे, तर आपल्यावर ओढवणारी गोष्ट झाली होती.

मग मराठीत काय म्हणावे? निरोपाच्या अर्थाने ‘कळवा’ हा शब्द पिंगपेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात विनंतीही आहे आणि काय करायचे, तेही. जाळ्याच्या कामात मात्र पिंगला ढकलून संस्कृत प्रतिशब्द घडवण्याची गरज नाही, कारण तिथे मराठी बोलणाऱ्यांनी त्याची व्यवस्था आधीच लावली आहे. इंग्रजीत हाक मारणे आणि ओ मिळणे या दोन्ही क्रियांवर एकाच क्रियापदाचा भार पडतो. आपल्या तंत्रज्ञांनी ‘करणे’ हाकेला दिले आणि ‘होणे’ ओला दिले, आणि दोन्ही एका वाक्यात बिनचूक बसवले : ‘‘मी दहा वेळा पिंग केलं, पण तो पिंगच होत नाहीये.’’